चंद्रीची तलंग

मळ्यातलं घर, ता. कडेगाव
१२ जानेवारी २०२५

सौ. हरणाबाई हिस नानासोचे आशीर्वाद. पत्रास कारण की, इकडे सर्व ठीक आहे. सासूबाईंची तब्येत कशी आहे ते कळवावे. लालासाहेबास व घरातल्या सर्वांस नमस्कार सांगावा.

फोन लावला तर तू उचलत नाहीस. सांगलीला राजेश्वरीला लावला, तर आपलीच लेक मला म्हणते, "आप्पा, तुमचं दोघांचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका." मग काय करणार? पलटणीतून घरी आलो त्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून पत्र म्हणून लिहिलं नव्हतं. हे तुझं तू वाच. लालासाहेब तुझा भाऊ असला तरी त्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचायचं कारण नाही.

तुला जाऊन दोन महिने झाले. गावात विचारतात, त्यांना मी सासूबाई आजारी आहेत म्हणून सांगतो. त्या बऱ्या झाल्या, तू घरी आलीस आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत माहेरी कवठ्याला गेलीस, एवढं सगळं चावडीवर कोण सांगत बसतं?

आता कामाचं. तुझी ठिपक्यांची तलंग आजारी आहे. चंद्री कोंबडीच्या शेवटच्या पिलांतली हीच एक राहिली होती, आता अंडी घालायला येईल म्हणून तू वाट बघत होतीस ती. तीन दिवस झाले, पंख फुगवून कोपऱ्यात उभी राहते. गळ्याखालच्या पिशवीत लिंबाएवढा गोळा झाला आहे, हाताला टणक लागतो. तोंडाला आंबूस वास येतो. दाण्याला चोच लावत नाही. जनावरांच्या दवाखान्यात पिशवीत घालून नेली. साहेब फिरतीवर होते. तिथला माणूस हसून म्हणाला, "सुभेदार, कोंबडीला काय सलाईन लावायचं व्हय? मरायच्या आत कापा आन रस्सा करा." मी तिला घेऊन माघारी आलो.

चूक माझीच आहे. तू मका भरडून, भिजवून घालायचीस. मी पोत्यातला अख्खा ओतत होतो. थंडी लय आहे म्हणून खुराड्यात उसाचं पाचट अंथरलं, ते पण तिनं गिळलं असणार.

त्या दिवसाचं मी इथं काढत नाही. तेव्हा सांगितलं तेच खरं. कोंबड्या मला सगळ्या सारख्याच दिसतात, कुठली कापली ते मला कळलं नाही. पण ही मेली तर तुला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. हिला औषध काय करायचं, तेवढं कळव. फोनवर एक शब्द बोललीस तरी पुरे.

इकडील काळजी नसावी.

सुभेदार नानासो (निवृत्त)


१५ जानेवारी २०२५

सौ. हरणाबाई हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर यायचं तेव्हा येईल. कोंबडी तोवर थांबत नाही, हे पाकीट पेटीत टाकून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं. मिलिटरीत असतो तर या अकलेबद्दल दोन तास पाठीवर पिठ्ठूचं ओझं देऊन पळवला असता.

काल संक्रांत झाली. परवा भोगीला शेजारची बनुबाई तीळ लावलेली भाकरी आणि भाजी ठेवून गेली. तुला तिचा स्वभाव ठाऊकच आहे. मला सोप्यात कोंबडी मांडीवर घेऊन बसलेला बघून दारातूनच ओरडली, "आवं सुभेदार, कोंबडीला मांडीवर घेऊन बसलाय व्हय? हरणा तापानं फणफणली हुती, तवा तिच्या डोक्यावर पट्टी तरी ठेवली हुती का?" मी म्हटलं, "म्हातारे, भाकरी ठेव आणि जा." गेली. पण मग भाकरी काही गोड लागली नाही.

औषध सापडलं. कुठं सांगू? तुझ्याच पत्रात. मला एकदम आठवलं की मी जम्मूकडे असताना तू कोंबडीच्या आजाराचं काहीतरी लिहिलं होतंस. काळी ट्रंक खाली काढली. तुझी आंतरदेशीय पत्रं अजून आहेत, सुतळीनं बांधलेली. एक एक उघडत बसलो. आणि खरं सांगतो, मी ती पत्रं वाचलीच नव्हती. म्हणजे आलेल्या दिवशी वाचली होती, पण कशी? लाल पेन्सिल घेऊन. विहिरीला पाणी किती लागलं, खाली रेघ. जमिनीची मोजणी झाली का, खाली रेघ. आईचं दुखणं, रेघ. बाकी सगळं कोरं. तुझ्या कोंबड्यांच्या ओळीवर कुठंही पेन्सिल लागलेली नाही.

१९९६ सालच्या पत्रात मिळालं. तुझी अक्षरं जशीच्या तशी उतरवतो, कारण तुझ्याकडं ते पत्र नाही.

"तांबडीच्या गळ्यात गोळा झाला हुता. चार थेंब गोडंतेल पाजलं. कोमट पानी पाजलं. बोटांनी हळूहळू चोळलं, दिसातनं पाच-सहा वेळा, अगदी हळू, न्हाईतर पानी नाकात जातं आन मरती. दोन दिस दाना बंद. मग ताकातल्या कण्या. आता फिराय लागली. आत्याबाई म्हनत हुत्या कापून टाक. मी न्हाई कापू दिली. राजी निजली की मी तिच्याशीच बोलत बसते. तुमी हसाल. पन ह्या घरात माझं म्हनून येवढंच हाय."

याला मी काय उत्तर पाठवलं असेल ते मला आठवत नाही. पण काय पाठवलं असेल ते ठाऊक आहे. पत्र पोचलं, मोजणीचं स्पष्ट लिहावे, इकडील काळजी नसावी.

असो. तुझ्या सांगण्याप्रमाणे इलाज चालू केला आहे. आता ही तलंग चहाच्या खोक्यात, माझ्या मिलिटरीच्या कांबळ्यावर असते. बाकीच्यांपासून वेगळी ठेवली आहे. माझी बोटं जाड, हळू चोळायचं म्हणजे कसं ते कळेना. पहिल्या वेळी ती एवढी ओरडली की मीच घाबरलो. आता डोळे मिटून घेते.

सुभेदार नानासो


२२ जानेवारी २०२५

हरणा,

तलंग वाचली. काल सकाळी गोळा मऊ झाला आणि आज गेला. उलटी धरून पिशवी मोकळी करायचा सल्ला एकानं दिला होता, मी नाही हात लावू दिला. ताकातल्या कण्या माझ्या तळहातावरून खाल्ल्या, चोच टोचली, म्हणून मी मोठ्यानं "शाब्बास" म्हणालो. घरात माझाच आवाज ऐकून मी दचकलो. दोन महिन्यांत या घरात मी मोठ्यानं बोललोच नव्हतो.

हरणा, घर लय मोकळं झालं आहे. ऊस तुटून गेला, आता सोप्यातून थेट डांबरी रस्ता दिसतो. येणारी प्रत्येक गाडी दिसते. दुपारी चारच्या गाडीला मी काही ना काही काम काढून बाहेरच असतो. तुला कशाला खोटं सांगू?

आणि खोट्यावरूनच लिहायला बसलो आहे. बारा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की कुठली कापली ते मला कळलं नाही. तेव्हाही तेच बोललो होतो. ते खोटं आहे.

मला ठाऊक होतं.

म्हसवडचे आण्णा आणि पलटणीतले दोघं अचानक आले. तीस वर्षांनी आलेल्या माणसाला काय पिठलं घालायचं? परड्यात गेलो. एक कोंबडी हाताला लागेना. दहा मिनिटं मी साठी उलटलेला माणूस त्यांच्या मागं पळत होतो आणि आण्णा सोप्यातनं हसत होते, "नान्या, अतिरेकी धरलेस आन कोंबडी धरता येईना व्हय रं?" मला राग आला. मग मी तुझ्यासारखी हाक मारली, आ, आ, तीतीती, मूठ पुढं करून. बाकीच्या फसल्या नाहीत. चंद्री आली. मुठीत दाणा नव्हता तरी पायाशी येऊन उभी राहिली. ती चंद्री आहे हे मला दिसत होतं. तिची मोडलेली नखी दिसत होती. तिला तू सहा वर्षं हातावर वाढवलीस ते ठाऊक होतं. तरी धरली. मनात म्हटलं, कोंबडीच तर आहे, दुसरी आणून देऊ.

चारच्या गाडीनं तू आलीस. पंधरा दिवस आईचं काढून, दमून. पिशवी ठेवायच्या आत मी म्हणालो, पाहुणे आहेत, वाटण घाल. तू विचारलंस, "कोंबडी कुठली वो?" मी म्हणालो, "कडेगावातनं आणली." त्या वेळी सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, रडली असतीस, चार लोकांत माझी शोभा झाली असती. ती शोभा मला नको होती. म्हणून मी तुला चुलीपुढं बसू दिलं. तू खोबरं भाजलंस, वाटण वाटलंस, रस्सा केलास, आम्हाला वाढलंस. आण्णांनी वाहवा केली आणि तू पदराआड हसलीस. मी मान खाली घालून जेवत होतो आणि मला सगळं ठाऊक होतं.

मग दिवेलागणीला तू खुराडं लावायला गेलीस. तुझी हाक मला सोप्यात ऐकू आली. "चंद्रे, ये गं." चार वेळा. मग हाक थांबली.

तू आत आलीस, तेव्हा मीच म्हणालो, सगळ्या सारख्याच दिसतात, कुठली कापली ते मला कळलं नाही. भांडी घासलीस. अंथरुणं घातलीस. सकाळी चहा ठेवून गेलीस. गाव म्हणतं, कोंबडीपायी बाईनं घर सोडलं. मी पण दोन महिने मनाला तेच सांगत होतो. ते पण खोटं. तू माझ्या त्या "कडेगावातनं" वरून गेलीस.

एक विचारायचं आहे. तू नेहमी सगळ्यांच्या मागनं जेवतेस. त्या दिवशी तू जेवलीस का? त्या रश्शात भाकरी बुडवलीस का? खुराड्याकडं जायच्या आधी की नंतर? मी विचारलं नाही आणि बघितलंही नाही. गेले आठ दिवस तिचा गळा चोळताना हाच प्रश्न माझ्या मागं आहे. उत्तर देऊ नकोस. पण मी विचारलं, एवढं ठाऊक असू दे.

मी चुकलो, हरणा. लय चुकलो.

नानासो


१७ फेब्रुवारी २०२५

हरणा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघितली नाही असं नाही.

तलंगीनं परवा पहिलं अंडं घातलं. लहानसं, वर रक्ताची बारीक रेघ. घातलं कुठं, तर माझ्या कांबळ्यावर. आणि अंडं घातल्यावर जो कालवा केला, तो ऐकून बनुबाई कुंपणावरनं बघायला आली. म्हणाली, "सुभेदार, आता तुमी बी वरडा तिच्यासंगं." मी ते अंडं तुझ्या पिठाच्या डब्यावर ठेवलं आहे. खाववलं नाही.

आता ती माझ्या मागं मागं फिरते. मी चहा पितो तेव्हा खुर्चीखाली बसते. सकाळी दार उघडायला उशीर झाला तर आतनं चोच मारते. मी तिच्याशी बोलतो. पेपर वाचून दाखवतो, उसाची नवी लागण कुठं करावी ते विचारतो. तू लिहिलं होतंस ना, तुमी हसाल म्हणून? नाही हसत.

पण ती तुझी आहे. मी ठेवून घेतली तर चंद्रीसारखंच झालं, तुझं ते तुला न विचारता माझं. म्हणून गुरुवारी तिला घेऊन येतो आहे. बुट्टीत घालून, वर फडकं बांधून. विट्याला गाडी बदलून बारापर्यंत कवठ्यात पोचेन. घरी येत नाही. सासूबाईंपुढं उभं राहायची माझी छाती नाही. स्टँडवर पिंपळाच्या पारावर बसतो. तुला वाटलं तर ये आणि तुझ्या हातानं घे. नाही वाटलं तर लालासाहेबाला पाठव, मी त्याच्याकडं देईन आणि तीनच्या गाडीनं माघारी येईन. तुला काही विचारणार नाही. तिला मका भरडून घाल, हे तुला मी काय सांगायचं?

"परत चल" असं मी पारावर म्हणणार नाही. तुझ्यावर लोकांत ओझं नको. मनात आहे, म्हणून इथं लिहितो. परत चल, हरणा. तीन महिन्यांत मला घर सांभाळता आलं, शेत आलं, कोंबडी पण आली. तुझ्यावाचून राहायचं तेवढं येत नाही.

तिच्या जाण्यानं खुर्चीखालची जागा मोकळी होईल. होऊ दे.

पंचवीस वर्षं प्रत्येक पत्राखाली मी लिहीत आलो, इकडील काळजी नसावी. जानेवारीत बारा तारखेलाही हात तसाच चालला. आज ते लिहीत नाही. उरली असली थोडी, तर असू दे.

गुरुवारी बारा वाजता, पारावर.

तुझा
नाना