खडक मोजला, गुडघा राहिला

४ सप्टेंबर

चि. पान्या यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पैकी निम्मे तूर्त राखून ठेवले आहेत. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते की या घरातली सर्वांत वरची फळी मनुष्यप्राण्याला बंद झाली आहे. चहाचा डबा त्याच फळीवर आहे. तिथवर पोचवणारं स्टूल स्वयंपाकघरातून उठून अंगणात, पिकअपच्या डाव्या दाराशी कायमचं राहायला गेलं आहे, कारण त्याच्याशिवाय त्या गाडीत चढायचं तर शिडी तरी हवी, नाहीतर पूर्वजांची शेपटी. मी बिनचहाची कामावर जाते आणि माझ्या हाताखालचे दोन निरपराध कारकून त्याची फळं भोगतात.

फोनवर तू ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. कागद तसा ठेवून देता येत नाही.

सुट्टीला आलास, जेवलास, झोपलास. उरलेल्या वेळात बाबांची चांगली चालती गाडी जॅकवर चढवलीस, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे सारलेस, पुढचे बोल्ट पिळून तिचं नाक आभाळाला लावलंस आणि बसमध्ये बसून निघून गेलास. आता स्टीअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे ओढते, जणू तिकडे तिचं कोणी आजारी आहे. शेडच्या तुळईला टप अडतो, म्हणून गाडी अंगणात आणि माझी कपड्यांची दोरी शेडमध्ये. दिव्यांचा झोत पूर्वी रस्त्यावर पडायचा. आता समोरच्या शिंपीणबाईंच्या झोपायच्या खोलीत पडतो. त्यांनी मला अगदी सभ्यपणे विचारलं की त्यांच्यावर पाळत ठेवायला आम्हाला कोणी नेमलंय का.

गाडी का उचललीस ते मला ठाऊक आहे, उगाच पुन्हा समजावू नकोस. वरच्या बागेच्या वाटेत दरड सुटून बसलेला खडक कोणी हलवणार नाही. आईची नाशपाती वठली, तिची शेवटची जिवंत काडी बाबांनी रानझाडावर बांधली, आणि महिन्याभरात दरड सुटली. तेव्हापासून ते कलम त्यांनी पाहिलेलं नाही. खडकाच्या बाजूने सुटे दगड, त्यांवरून त्या गुडघ्याने चालत जाणं नाही, आणि थंडी पडली की वाटच बंद. म्हणून तर मी तुझ्यापुढे एकेक पाना सरकवत उभी होते ना.

बाकी क्षेम. माया आहे, पण तिच्यावर फार वजन टाकू नकोस.

ताई


१० सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र गॅरेजात सगळ्यांना वाचून दाखवलं. फोरमनसाहेबांनी विचारलं, बहीण आहे की सरकारी वकील. मी म्हटलं, दोन्ही.

आता कामाचं. ओढते ती चाकांच्या अलाइनमेंटमुळे. ते करून घे. धक्के फार बसत असतील तर पुढचे बोल्ट किंचित सैल कर, मी जरा हौसेने पिळले असतील. दिव्यांच्या मागे एकेक स्क्रू आहे. गाडी भिंतीसमोर उभी करून तो फिरवलास की झोत खाली येतो आणि शिंपीणबाई झोपतात. ठोकळे धरून ठेवणारे यू-बोल्ट मात्र थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळावेच लागतात. नवं लोखंड बसतं आणि सैलावतं. लांब पाना शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. वर जाण्याआधी हे विसरलीस तर मी तुला ताई म्हणणार नाही.

दाराखालचं पायदान मी हौसेने काढलेलं नाही. तेच सगळ्यांत खाली लोंबत होतं. खडक टेपने मोजला, गाडीचं पोट मोजलं. दोन्हींच्या मधून आडवा तळहात जाईल एवढीच फट आहे. पायदान ठेवलं असतं तर खडकाने ते उपटून स्वतःकडे ठेवून घेतलं असतं. आकडे बाबांना दाखवलेत. खूश होते.

स्टूल पुरतंय ना त्यांना?

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवून मागत नाही.

पान्या


१५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. गाडी उत्तम झाली आहे. ताई काही लिहील, तिकडे लक्ष देऊ नये.

मला आता वर जाण्यात फारसा रस उरलेला नाही. वयाबरोबर रस कमी होतो, त्यात विशेष काही नाही. गाडी तू ने किंवा विकून टाक. कलम धरायचं असेल तर धरेल.

मात्र धरलं असेल तर त्याची पट्टी आता सोडायला हवी. फांदी जाड होत जाते, पट्टी सालीत रुतते आणि वरची काडी गुदमरून मरते. पट्टी मागच्या बाजूने कापायची असते, पुढून नव्हे. पुढे जोड असतो. थंडीपर्यंत थांबून चालत नाही. कोणी त्या बाजूला जाणार असेल तर त्याला एवढं सांगावं. माझं काही नाही.

गुडघा ठीक. हे पत्र लिहिल्याचं ताईला सांगू नये.

बाबा


१६ सप्टेंबर

चि. पान्या यास,

आशीर्वाद आज शिल्लक नाहीत. वि. वि.

तू विचारलंस, स्टूल पुरतंय का. रविवारी बाबा सकाळीच तयार होऊन बसले. टोपी घातलेली, कलमाचा वाकडा चाकू खिशात. मला घाई करत होते, म्हणजे तब्येत खुशीत होती. स्टुलावर एक पाय ठेवला, दुसरा उचलला आणि खडीत स्टुलाचा पाय मोडला. ते पडले नाहीत. दाराच्या मुठीला लोंबकळले, मग सावकाश खाली बसले. मी धावत गेले तर म्हणाले की टायर खालून बघून घेतोय.

दूधवाला आला होता. आम्ही दोघांनी धरून वर बसवावं असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “मी पोतं नाही.” मग घरात गेले, टोपी खुंटीला लावली, चाकू खणात ठेवला. तेव्हापासून सांगतात की वर जाण्यात आता रस नाही. जेवताना खिडकीकडे पाठ करून बसतात. खिडकीतून तो डोंगर दिसतो.

तू खडक मोजलास. गाडीचं पोट मोजलंस. मधली फट तळहाताने मोजलीस. बाबांचा गुडघा कोणी मोजायचा होता, नगरपालिकेने?

अलाइनमेंटवाल्याने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, चाकं सरळ केली आणि विचारलं, ही अशी का केली? मी म्हटलं, भावाला सुट्टी होती. स्टूल गेलं ते गेलंच. मला कामावर जायला शिंपीणबाईंनी आपलं मशीनचं स्टूल दिलंय आणि स्वतः पत्र्याच्या डब्यावर बसून शिवतात. ज्यांच्या झोपेत आपण उजेड पाडतो, त्यांच्याच बैठकीवर मी रोज पाय देऊन चढते. या वयात इतकी लाज परवडत नाही रे.

ये आणि तुझे ठोकळे काढून ने.

ताई


२१ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न., आणि या वेळचा खरोखरच साष्टांग आहे. वि. वि.

शिव्या पोचल्या, पुरल्या. रजा थंडीआधी मिळत नाही. फोरमनसाहेबांना बाबांचं सांगून पाहिलं, ते त्यांच्या बाबांचं सांगायला लागले. गाडी खाली घेतली तर पोट खडकावर बसतं. पायदान परत लावलं तर तेच अडकतं. दोन रात्री कागदावर आखतोय, प्रत्येक वेळी एक जण अडतो, खडक नाहीतर बाबा. दोघंही हलत नाहीत.

बाबांचं पत्र आलंय. तुला सांगू नकोस म्हणाले, म्हणून सांगतो. रस नाही असं दोन ओळींत लिहिलंय आणि पुढे निम्मं पत्र कलमाची पट्टी कुठून कापायची यावर. आता सोडली नाही तर काडी मरेल म्हणतात. मी ते गॅरेजात वाचून दाखवलं नाही.

एकच सुचतंय. आमच्याकडे माल चढवायचा धक्का आहे. उंच गाडी त्याला लावली की सीट बरोबर पायाशी येते. आपल्या घराला ओटा आहे. म्हणजे बसता येईल. पण वर उतरून परत चढणार कसे? तिथे ना ओटा, ना धक्का. माझी अक्कल इथे संपते. तुझी सुरू कर.

रागासकट लोभ चालेल.

पान्या


२९ सप्टेंबर

चि. पान्या यास,

अ. उ. आ., मागच्या थकबाकीसह. वि. वि.

तुझा ओटा उपयोगी पडला. आधी यू-बोल्ट आवळले. मी गाडीखाली आडवी, नोकरीची साडी बाजूला ठेवून जुन्या कपड्यांत, आणि ज्यांना रस नाही ते गृहस्थ बॅटरीचा उजेड धरून वर उभे. अर्धा फेरा अजून, असं प्रत्येक बोल्टला सांगत होते. चारही बोल्ट सैल निघाले. मला ताई म्हणायची तुझी परवानगी चालू ठेवते आहे.

मग गाडी मागे घेत ओट्याला लावली. दोन कुंड्या गेल्या, त्यांचं मी कोणाला बोलले नाही. दार उघडलं. बाबांना काही विचारलं नाही. मी नुसती स्टीअरिंगपाशी जाऊन बसले आणि इंजिन चालू ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग खण उघडल्याचा आवाज आला. टोपी घालून आले आणि ओट्यावरून सीटवर असे बसले, जसे या खोलीतून त्या खोलीत जावेत.

परत कसे चढणार, हे मला अजूनही सुचलेलं नव्हतं. तरी निघाले. खडक चाकांच्या मधे घेतला. काही लागलं नाही. तुझा तळहात बरोबर होता, हे लिहिताना हात जड होतो आहे.

खडक संपतो तिथेच वाट रुंदावते आणि बाग लागते, आठवतं ना? तिथे त्यांनी थांब म्हणून खूण केली. मला गाडी आडवी घ्यायला लावली, मग मागे, मग जराशी पुढे, मग पुन्हा मागे; मी दात खाल्ले. शेवटी डावं दार अगदी खडकाला येऊन भिडलं. त्यांनी दार उघडलं, खडकावर पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि त्याच्या उतरत्या अंगाने खाली उतरले. मला धरूही दिलं नाही. टेपचा आकडा तू दाखवलास तो त्यांना पाठ होता: खडक गाडीच्या पोटाहून तळहातभरच खाली, म्हणजे आयतं पायदान. रस नसलेल्या त्या सगळ्या दिवसांत खिडकीकडे पाठ करून ते बहुधा हाच हिशेब करत होते. मात्र ओट्याचं त्यांना सुचलं नव्हतं, ते तुझं.

कलम धरलंय. वर हातभर हिरवी फांदी. पट्टी सालीत रुतायला लागली होती, कडा दिसत नव्हत्या. त्यांनी मागच्या बाजूने चाकू घातला, पट्टी सोलून काढली आणि खाली राहिलेल्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “होता अजून वेळ.” परत येताना खडकावरून चढले आणि माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत घरी आले.

गाडीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ती अजून शेडमध्ये मावत नाही. पण ठोकळे राहू देत. मीही आता ओट्यावरूनच बसते. चहाचा डबा खालच्या फळीवर आणलाय; हे मला आधी सुचायला हवं होतं, असं बाबांचं म्हणणं आहे.

लोभ आहेच. येताना दोन कुंड्या घेऊन ये, कारण विचारू नकोस.

ताई

ता. क. काल संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावून दिव्यांचे स्क्रू फिरवले, झोत रस्त्यावर आणला. मग शिंपीणबाईंचं स्टूल धुतलं, त्याचा एक पाय डुगडुगत होता त्याला तुझा उरलेला वॉशर घातला, आणि त्यांच्या दाराशी ठेवून आले. कडी वाजवली नाही. आत मशीन चालू होतं.