नांदेड रोडची एक एकर आणि सगळ्यात थोर ब्लॉक

मी, शिवप्पा महालिंगप्पा हेंगणे, वय अठ्ठ्याहत्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. दडपण कोणाचेही नाही असे लिहायची पद्धत आहे. खरे सांगायचे तर दडपण आणायचा प्रयत्न झाला. एका बाजूने मुलाने, दुसऱ्या बाजूने मित्राने. मी दोघांनाही वैतागलो आहे. एवढे वैतागता येते म्हणजे डोके ठिकाणावर आहे, असे डॉ. दामिनीबाईंनी मला तपासून सांगितले. यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. अहमदपुरातील राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते माझ्यामागे मुलगा शिवशंकर व सून मंजुश्री यांना समान हिश्श्याने मिळावे. शिवशंकरचे हार्डवेअरचे दुकान आहे, त्यामुळे घरात दर वर्षी काहीतरी ठोकले जाते. पूर्वेच्या खिडकीवर मात्र त्याने काहीही ठोकू नये. त्या खिडकीत बसून मी सकाळी कविता म्हणत आलो आहे, आणि समोरच्या दूधवाल्यालासुद्धा आता त्या पाठ आहेत.

कलम २. बँकेतील शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, मंजुश्रीची. माझी पत्नी कै. शरणम्मा हिचे दागिनेही तिचेच. अंत्यविधीत भाषणे नकोत. माझे माजी विद्यार्थी उभे राहतात, डोळे पुसतात आणि मी शिकवलेली कविता चुकीची म्हणतात. ते मला तिथेही सहन होणार नाही.

कलम ३. मुरुडच्या शाळेत शिकवीत होतो तेव्हापासून जपलेली कवितांची क्रमिक पुस्तके नात रुद्राणी हिला द्यावीत. चौथीचा वर्ग सुरात म्हणायचा तेव्हा पत्रे वाजायचे. सगळ्यांना शेवटची ओळ आवडायची, ती फळ्यावर लिहायची, ती वहीच्या कव्हरावर काढायची. मी मात्र पोरांना विचारी, की तिसऱ्या ओळीने खांदा दिला नसता तर चौथी इतकी उंच गेली असती का? पोरे पुन्हा चौथीच ओळ म्हणत. इतक्या वर्षांनी हे ज्या एकीला कळले ती माझ्या शाळेतही नव्हती. म्हणून पुस्तके तिला.

कलम ४. माझा मोबाईल आणि त्याचा लाकडी स्टँड. या दोन वस्तू माझे मित्र किशनराव ज्ञानोबा नाडे, निवृत्त एस.टी. कंडक्टर, यांना द्यायच्या होत्या. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नका, पुढे शंका निघतात. मी किशनरावांना विचारले, मोबाईल पाहिजे की सही करायची? ते म्हणाले, “सही. माझ्या सहीबिगर तुमचं काय खरं हाय, गुरुजी?” तरी त्यांना काहीही मिळणार नाही, याची त्यांनी नोंद घ्यावी. मोबाईल स्टँडसकट रुद्राणीच्या संघाला जाईल.

मोबाईलचा उल्लेख आला म्हणून संघाबद्दल लिहितो. रुद्राणी नांदेडला कॉलेजात आहे आणि तिथे अमेरिकन फुटबॉल खेळते. लांबुळका चेंडू छातीशी धरून शेवटच्या रेघेपलीकडे पळायचे आणि समोरच्यांनी पाडायचे, असा तो खेळ. शिरस्त्राण असते, खांद्यावर ढाली असतात. चेंडू घेऊन पळते तिची मैत्रीण करिश्मा. रुद्राणीचे काम ब्लॉकचे, म्हणजे करिश्माला पाडायला येणाऱ्या पोरीच्या आडवे जायचे आणि वाट मोकळी करून द्यायची. चेंडूला तिचा हात कधी लागत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आणि फोटो करिश्माचा.

मी आणि किशनराव रोज चहानंतर मोबाईल स्टँडवर ठेवून अमेरिकेतले ब्लॉक बघतो आणि कोणता थोर यावर भांडतो. किशनराव तरुणपणी मुरुडचे कबड्डीपटू. माणूस कसा धरावा आणि कसा दाबावा एवढेच त्यांना कळते. नांदेडच्या पहिल्या सामन्याला मी त्यांना सोबत नेले, ही घटना मला लिहून ठेवायचीच आहे. करिश्मा सुटली होती. रुद्राणीने समोरची पोरगी अडवली होती. तेवढ्यात किशनराव खुर्चीवर उभे राहून ओरडले, “धर तिला! सोडू नको, दम जाऊस्तोवर धर!” लहानपणापासून त्यांना किशनआबा म्हणणाऱ्या पोरीने त्यांचे ऐकले आणि समोरचीचा शर्ट मुठीत धरला. त्या खेळात ढकलता येते, धरता येत नाही. पंचाने पिवळा रुमाल टाकला. तिकडे करिश्मा रेघेपलीकडे जाऊन नाचत होती, आणि इकडे ते सगळे गुण रद्द. सामना गेला. परतीच्या बसमध्ये किशनराव मला समजावीत होते, की चूक त्या खेळाच्या नियमात आहे.

कलम ५. थोर ब्लॉक कोणता, याचा निवाडा मी मेल्यावर किशनराव आपल्या बाजूने लावून मोकळे होतील. म्हणून तो इथेच करून ठेवतो.

किशनरावांचा आवडता ब्लॉक असा: एक धिप्पाड गडी धावत येऊन दुसऱ्याला असा आदळतो की दुसऱ्याचे पाय वर होतात. किशनराव हा रोज बघतात आणि रोज मांडीवर थाप मारतात. माझे म्हणणे, की ज्याला पाडले तो चेंडूपासून इतका लांब होता की त्याला घरी जाऊ दिले असते तरी चालले असते. हा ब्लॉक नव्हे, हा नुसता राग.

दुसरा माझा, बर्फातला. पोट सुटलेला, दमलेला माणूस. पहिल्याला खांद्याने वळवतो, तिथेच थांबत नाही, धापा टाकत पुढे जातो आणि दुसऱ्याच्या वाटेत नुसता उभा राहतो. दुसरा त्याला वळसा घालतो आणि तेवढ्या वळशात पळणारा निघून जातो. पाडले कोणालाच नाही. हा ब्लॉक बघताना मला वर्गातले पत्रे ऐकू येतात. किशनराव म्हणतात, “ह्यो तर गाडी चुकल्यावानी उभा हाय.” अशा माणसाशी काय बोलावे?

तिसरा लातूरच्या मैदानावरचा, रुद्राणीचा. समोरची पोरगी तिच्यापेक्षा हातभर उंच. रुद्राणी खाली वाकली, तिच्या बरगडीखाली खांदा लावला आणि हात उघडे ठेवून, शर्टाला बोट न लावता, तिला पावलापावलाने बाजूला नेत राहिली. दारात अडलेली म्हैस बाजूला घ्यावी तशी. करिश्मा त्या फटीतून गेली. सगळे मैदान तिच्यामागे पळाले. रुद्राणी मातीत पालथी होती, आणि तिच्या शिरस्त्राणाच्या जाळीत गवत अडकले होते.

माझा निवाडा: तिसरा सर्वांत थोर. किशनराव म्हणतात, नात म्हणून. तसे नाही. बर्फातल्या माणसाला घरी कोणी अडवलेले नव्हते. हिला होते.

ते आता लिहितो, कारण पुढचे कलम त्यावर आहे.

शिवशंकरला हा खेळ पसंत नाही. उदगीरचे लोक मुलगी बघायला आले, त्यांनी विचारले मुलगी काय खेळते, तर हा म्हणाला, बॅडमिंटन. आतून ऐकून मंजुश्रीने हातातला ट्रे परत ओट्यावर ठेवला. नाक मोडले तर हिला कोण करून घेईल, असे तो मला विचारतो. बापाची काळजी मी समजू शकतो. पण लातूरचा तो सामना बघायला तो मोठ्या मिनतवारीने आला, कुंपणाला धरून उभा राहिला, आणि सामना संपल्यावर मला विचारतो, “अप्पा, आपली कुठं होती?”

कलम ६. नांदेड रोडवरील माझी एक एकर जमीन. ती मी नोकरीच्या पैशातून घेतली, त्यात वडिलोपार्जित काही नाही. दर शनिवारी रुद्राणी गावी येते आणि अहमदपूरच्या पोरींना घेऊन तिथे सराव करते. शिवशंकरला तिथे गाळे काढायचे आहेत. तो म्हणतो, “लई मोक्याची जागा हाय अप्पा, तुम्ही ती धुळीत घालून राहिलात.” गाळे झाले की पोरींना दुसरे मैदान नाही, आणि मैदान नसले की खेळ आपोआप बंद. हे त्यालाही ठाऊक आहे.

म्हणून सदर जमीन मी माझी नात रुद्राणी शिवशंकर हेंगणे हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. अट कोणतीही नाही. सरावाचीच अट घालावी असे मनात होते, पण उद्या तिचा गुडघा गेला किंवा मन दुसरीकडे गेले तर ती अट तिच्याच आडवी येईल. तिला वाटले तर तिने स्वतः गाळे काढावेत. शिवशंकरने काढू नयेत. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून पोरींना शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षिका बुद्धप्रिया कांबळे यांना मी नेमतो. त्यांचा आवाज शिवशंकरपेक्षा मोठा आहे.

कच्चा मसुदा वकिलांकडे मोठ्याने वाचला तेव्हा शिवशंकर तिथेच होता, कारण मला गाडीवरून त्यानेच नेले. मी भांडणाच्या तयारीत बसलो होतो. सहावे कलम संपले. तर हा म्हणाला, मोकळी जागा राहिली तर लोक शिरतील, कुंपण मी दुकानातून घालून देतो. मी म्हणालो, घालायचे तर चांगली काटेरी तार घाल, दुकानातली गंजलेली नको.

तो म्हणाला, “काटेरी नको, अप्पा. ढकलताना ती दर वेळेस डाव्या खांद्यावर पडती. कडेला गेली तर तारेत जाईल.”

वर्षभर सरावाला मी आणि किशनराव दोन खुर्च्या टाकून बसतो, आम्हाला डावा-उजवा कधी दिसला नव्हता. वकील म्हणाले, हे वाक्य मृत्युपत्रात कशाला? मी म्हणालो, लिहा.

कुंपणाला साधी जाळी असावी. ती शिवशंकरने लावावी.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर खाली सही करीत आहे.

ठिकाण: अहमदपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) शिवप्पा महालिंगप्पा हेंगणे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. दामिनी संगमेश खानापुरे, अहमदपूर. लिहून देणार यांना आज तपासले. शुद्धीवर आहेत.

२. (सही) किशन ज्ञानोबा नाडे, मूळ राहणार मुरुड, हल्ली अहमदपूर. सही माझी हाय. कलम ५ मान्य नाही.