शुक्रवारच्या चुका

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू विक्रीचे कागद मिळाल्याचं सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणालो. खरं तर त्या "बरं"मध्ये मला पुष्कळ काही कोंबायचं होतं, पण ते मावलं नाही. ताई म्हणायची, याच्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, फक्त ही भिंत मध्ये मध्ये हुंकार देते. म्हणून लिहायला बसलो आहे. आज सुट्टी आहे, जेवण झालंय, दुपार मोकळी आहे.

आधी घरचं. ताईच्या गॅलरीतली झाडं जिवंत आहेत, एक सोडून. ते मी पाणी जास्त घातल्यामुळे गेलं असं शेजारच्या काकूंचं म्हणणं आहे. आता पाणी त्या घालतात, मी फक्त बघून येतो. कपाट अजून उघडलेलं नाही. तू आलीस की बघू, घाई नाही. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो ताई असतानाही कुरकुरायचाच. तेव्हा त्याची चौकशी करणारं कोणी होतं, एवढाच फरक.

तुझ्या नवऱ्याने लग्नानंतर एकदा मला विचारलं होतं की मामा, तुमच्या कंपनीत नक्की बनतं काय? मी म्हटलं, काहीच बनत नाही. तुटलेली वस्तू आमच्याकडे येते, ती का तुटली ते आम्ही सांगतो, आणि तुटलेलीच परत पाठवतो. तो हसला. पण खरंच एवढंच आहे. कारखान्याचा दांडा मोडला, बॉयलरला चीर गेली, की तो तुकडा खोक्यात घालून आमच्याकडे येतो. ताई आणि तिची माणसं तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि कारण लिहून द्यायची. लोक त्या कारणाचे पैसे देतात. त्यात माझं काम म्हणजे माणसं बघणं. कोणाची रजा, कोणाचा पगार, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण दुसरीकडे जायच्या विचारात आहे. ते मला खुर्ची किती जोरात सरकवली यावरून कळतं. तू लहानपणी शाळेतून थेट ऑफिसात यायचीस आणि मला हाका मारायचीस, म्हणून मी सगळ्या ऑफिसचा मामा झालो. कधी कधी दोन्ही अर्थांनी.

ताई गेल्यावरही तिच्या ईमेलवर प्रश्न येतच राहिले. ती पेटी मीच उघडतो. त्या आता नाहीत, असं उत्तर पाठवतो. एका जुन्या ग्राहकाने उलट विचारलं की मग परत कधी येतील. त्याचा दोष नाही, मी लिहिलंच तसं होतं. पण त्या दिवशी मी पुढचं काही काम केलं नाही.

हळूहळू प्रश्नही कमी झाले. लोक आमच्याकडे येत होते ते ताईच्या नजरेसाठी, हे आम्हाला माहीत होतं, पण ते असं दिसेल असं वाटलं नव्हतं. मग आपली कंपनी विकत घ्यायला मोठी कंपनी आली. त्यांनी पाठवलेल्या गृहस्थांना आम्ही आपसात मोजणीदार म्हणतो. माणूस वाईट नाही. चहा घेतल्यावर कप स्वतः उचलून ठेवतो. त्याने आमची यंत्रं, टेबलं, संगणक एका सकाळीत मोजून संपवले. मग म्हणाला, आता खरं भांडवल बघू, म्हणजे मनुष्य भांडवल आणि बौद्धिक भांडवल. मला ताईचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, आपलं भांडवल रोज संध्याकाळी डबे उचलून घरी जातं, आणि सकाळी परत येईल या भरवशावर तू कुलूप लावतोस. मोजणीदाराला हे सांगितलं तर त्याने ते लिहून घेतलं. तो सगळंच लिहून घेतो.

अडचण तिथेच झाली. आपल्याकडे शुक्रवारी काय चालायचं ते तू पाहिलेलं नाहीस, कारण तेव्हा तुला बाहेर काढायचो. दुपारच्या चहानंतर दार लावायचं आणि ज्याच्या हातून आठवड्यात जी चूक झाली ती त्याने सांगायची. पहिली ताई. ती स्वतःची चूक अशी सांगायची की जणू शेजारणीची सांगते आहे, सगळी रंगवून. मग बाकीच्यांची जीभ सुटायची. लिहायचं काही नाही, दाराबाहेर न्यायचं काही नाही. नियम एकच, "मला वाटलंच होतं" असं जो म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. आमचा लॅबवाला दाढीवाला वर्षभर कप विसळत होता. नवीन आलेली मुलं कॉलेजात शिकली नसतील इतकं त्या तासाभरात शिकायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसांना स्वतःच्या चुकांची सवय राहावी, एवढाच तिचा हेतू होता.

मोजणीदाराला हे फार आवडलं. तो म्हणाला, हा तुमचा खरा खजिना, आणि तुम्ही तो हवेत सोडता? हे सगळं नोंदलं पाहिजे. मीही हो म्हटलं. ताईच्या डोक्यातलं तिच्याबरोबर गेलं, निदान बाकीच्यांचं तरी कुठेतरी राहू दे, असं मला तेव्हा वाटत होतं. मग फॉर्म आला. चूक किरकोळ, मध्यम की गंभीर, खूण करा. आपण काय शिकलात, थोडक्यात लिहा. शिवाय महिन्याच्या उत्तम चुकीला बक्षीस. ठकू, त्या दिवसापासून आमच्याकडे इतक्या सभ्य चुका होऊ लागल्या की विचारू नकोस. दाढीवाल्याने लिहिलं की मी कामात वाजवीपेक्षा जास्त जीव ओततो. एकीने लिहिलं की मला नाही म्हणता येत नाही. एकाने मागच्या महिन्याचीच चूक पुन्हा दिली, फक्त तारीख बदलून, आणि बक्षीस त्याला मिळालं. चहा मात्र लवकर संपायला लागला. दार आता उघडंच असतं, आत काही नसतंच.

खरा फॉर्म एकच आला. भिंगचा. भिंग म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, मोठ्या चष्म्याची. तुला ती "किती वाढलीस" एवढंच विचारायची आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घालायची. ताईनंतर नजर उरली आहे ती तिच्यातच. तिला दुसरीकडून बोलावणी येतात, हे मला त्या खुर्चीवरून कळतं. पण ती अजून गेलेली नाही.

ती नवीन मुलांना शिकवायला जुने फोटो काढत होती. त्यात एका कागद कारखान्याच्या दांड्याचे फोटो होते. लोखंड एका दणक्यात मोडलं तर तुटलेली बाजू खडबडीत दिसते. महिनोन् महिने चीर वाढत जाऊन मोडलं तर तिथे शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा दिसतात. आपल्या अहवालात लिहिलं होतं की दणक्याने मोडला, भार कमी ठेवा. भिंगला त्या फोटोंत कडेला रेषा दिसल्या. बरीचशी बाजू घासली गेली होती, पण कोपऱ्यात त्या शाबूत होत्या. म्हणजे दांडा हळूहळू मोडत होता. म्हणजे त्याच्याबरोबर बसवलेले बाकीचे दांडेही मोडत असणार, आणि त्यांच्याजवळ माणसं काम करत होती.

ती फॉर्म घेऊन माझ्या खोलीत आली. गंभीर या शब्दापुढे खूण, खाली तिचं नाव. म्हणाली, "मामा, हा नंतर वाचा. आधी कारखान्याला फोन लावा." मी लावला. पलीकडचा मॅनेजर मला वाट्टेल ते बोलला, आणि माझ्याकडे फोनवर बोलायला काही नसतंच, त्यामुळे त्याला सगळं बोलता आलं. पण त्याने यंत्र थांबवलं. बाकीचे दांडे उघडून पाहिले तर त्यातल्या दोन दांड्यांना चीर होती. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला की माझा मेहुणा त्या यंत्रावर असतो. आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं होतं की मोजणीदार या गोष्टीला खजिना म्हणेल. पण फॉर्मची एक प्रत थेट मोठ्या कंपनीकडे जाते. तिथे कोणीतरी बसून गंभीर चुका करणाऱ्यांची नावं बाजूला काढली. आपल्याकडे नाव एकच निघालं. तुझ्याकडे आलेल्या कागदांत मागच्या बाजूला एक कलम आहे, की सोबतच्या यादीतल्या व्यक्तीची नोकरी व्यवहाराआधी संपवावी. यादी म्हणजे भिंग. त्याच्याच वर दुसरं कलम आहे, की प्रयोगशाळेला ताईचं नाव देण्यात येईल आणि ते कायम राहील. ते वाचून तुला बरं वाटलं असेल. मलाही आधी वाटलं होतं.

आता रजेचं सांगतो. माणसं बघणाऱ्याला बाकी काही आठवत नसलं तरी रजा आठवतात. तो दांडा आला तेव्हा भिंगच्या सासऱ्यांचं ऑपरेशन होतं आणि ती आठवडाभर नव्हती. मीच मंजूर केली होती. ताईला तेव्हा मी गाडीतून आणायचो, तू पाहिलंच होतंस तिला त्या दिवसांत. औषधांनी हात थरथरायचे. ती टेबलाच्या कडेला मनगट टेकवून बघायची आणि डोळे दुखतात असं कोणाला सांगायची नाही. मलाही नाही, पण गाडीत ती डोळे मिटूनच बसायची. दांडा तिने पाहिला, मोडण्याचं कारणही तिनेच लिहिलं. भिंगने परत आल्यावर अहवालावर दुसरी सही केली, आमच्याकडे दोन सह्या लागतात म्हणून. ताईच्या सहीखाली दुसरी सही करताना पुन्हा उघडून बघायचं, हे आमच्यापैकी कोणालाच कधी सुचलं नसतं.

मी भिंगला खोलीत बोलावून विचारलं. तिने चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला. म्हणाली, "बाईंनी पाहिलं होतं. पण मी पुन्हा बघायला हवं होतं ना? दुसरी सही त्यासाठीच असते." मी म्हटलं, पण पहिली चूक तुझी नव्हती. तर म्हणाली, "आता त्या सांगायला नाहीत, मामा. आपण त्यांच्या मागे कसं सांगायचं?" नोकरीच्या कलमाबद्दल मी तिला सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं. तिने फक्त विचारलं की नवीन मुलांचं शिकवणं अर्धं राहिलंय, ते पुरं करायला वेळ मिळेल का.

हे मी कोणाशी बोललेलो नाही. ऑफिसात बोललो तर दारातून बाहेर जाईल, आणि घरी बोलायला कोणी नाही. ताई असती तर तिला सांगितलं असतं, पण मग सांगायची वेळच आली नसती.

ठकू, तुझी आई चुकली होती, आणि हे तुला मोजणीदाराच्या कागदावरून किंवा दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. उद्या मी मोठ्या कंपनीला कळवणार आहे की अहवाल ताईचा होता, भिंगने चूक पकडली, तिने पकडली म्हणून कारखान्यातली माणसं वाचली. ताईचा हिस्सा आता तुझा आहे, तेव्हा तू तोपर्यंत सही करू नकोस. तुझी हरकत असेल तर सांग, मी सगळं ऐकून घेईन, पण पत्र पाठवणार आहे. ताईचं नाव त्याने थोडं उतरेल आणि त्यांचा आकडाही उतरेल. कदाचित ते मागेच फिरतील, आणि मग मला आणखी काही वर्षं लोकांच्या रजा मंजूर करत बसावं लागेल. मला ते नकोय. मी फार दमलो आहे, विकून घरी बसावं असं तुझ्याहून जास्त मलाच वाटतं. पण या कलमावर भिंग गेली, तर दुसऱ्या दिवसापासून आपल्या ऑफिसात कोणाच्याच हातून काही चूक होणार नाही, आणि तशा जागेच्या दारावर ताईचं नाव लावलेलं मला बघवणार नाही.

तुझाच,
मामा