शेऱ्याची जागा

प्रिय सार्थक,

परवा अण्णांचा दहावा. उद्या तू सायखेड्याला पोचशील तेव्हा घर माणसांनी भरलेलं असेल आणि मला तोंड उघडता येणार नाही. म्हणून आजच लिहितेय.

आपल्या द्राक्षबागेतलं हवामान यंत्र तुला माहीत आहे. ऑफिसात मी शेकडो बागांची माहिती स्क्रीनवर बघते, मग आपलीच का नको, म्हणून हौसेनं बसवलं होतं. माहिती पाठवायचे मार्ग दोन. यंत्रात सिमकार्ड घातलं की ते आपलं आपण पाठवत राहतं. नाहीतर माणसानं आकडे वाचून मोबाइलवर भरायचे. अण्णा हटून बसले. "मी जातोच ना बागेत रोज. आकडा माह्या हातून जाऊ दे, तेवढंच तुला कळंल," म्हणाले.

दोन वर्षं रोज सकाळी सातला आकडे यायचे. खाली शेऱ्याच्या रकान्यात त्यांचं पुराण: पोपट फार झालेत, सार्थकचा फोन नाही, तू डबा नेतेस ना? शेरा लिहिल्याशिवाय ते आकडे पाठवायचेच नाहीत. उशीर झाला की मला इशारा यायचा आणि मी वैतागून त्यांना फोन करायचे. कधी अठराचे एक्क्याऐंशी भरायचे. शेवटी यंदा छाटणीनंतर मीच सिमकार्ड घातलं. म्हटलं, सुटलात कटकटीतून. ते नुसतं बरं म्हणाले. नव्या जोडणीत शेऱ्याला जागाच नव्हती, आणि मला ती कधी कामाची वाटली नव्हती रे.

त्या मंगळवारी मी दिवसभर आपली बाग बघत होते. तापमान, ओलावा, सगळं हिरवं, म्हणजे ठीक. मीटिंगमध्ये नमुना म्हणून तीच दाखवली.

अण्णा लगेच गेले, त्रास झाला नाही, असं मी तुला सांगितलं आणि तू ते सगळ्यांना सांगतोयस. खोटं आहे ते. सकाळीच ते यंत्रापाशी पडले. संध्याकाळी शेजारचे सहादूकाका पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांना दिसले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुपारपर्यंत जीव होता. जुनी पद्धत असती तर आठलाच मला इशारा आला असता.

यंत्रापाशी कशाला गेले होते, असं विचारशील. त्यांच्या खिशात छोटी वही सापडली. सिमकार्ड घातल्यापासूनचे रोजचे आकडे आहेत तीत, आणि शेरेही. ती तुझ्या उशाशी ठेवलीय. वाच, आणि मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव. मंगळवारचे आकडे भरलेत. शेरा राहिलाय.

तुझीच,
ताई