गोण्यांच्या बांधाला मिळालेली शाबासकी

प्रति,
मा. शाखा अभियंता साहेब,
बांधकाम शाखा, अंबाजोगाई.

विषय : भूकंपाचा फेरपंचनामा करणे व मुंजाजीच्या बांधाची तारीफ थांबविणेबाबत.
संदर्भ : आपली पाहणी, दि. ११/१०/१९९३.

महोदय,

अर्जदार आश्रुबा, माजी संचालक, विकास सोसायटी, मौजे टाकळवाडी, अर्ज करतो ऐसाजे. लातूरकडे घरेच्या घरे गेली, त्यापुढे अर्जदाराचे गाऱ्हाणे तोंडातून काढू नये. तरी गप्प बसवत नाही.

१) अर्जदाराचे घर उंचावर असून, अंगणाची माती अडविणेकामी त्याने दगडी भिंत बांधली होती. ती इतकी ताठ की तिच्यापुढे फौजदारही सावधानमध्ये उभे राहिले, हे गावास माहीत आहे. खाली मुंजाजीचे रान. साल दुष्काळाचे. सबब आपले पाणी त्याच्याकडे झिरपू नये म्हणून अर्जदाराने भिंतीची भोके सिमेंटने बुजविली.

२) शेजारीच मुंजाजीने बांध म्हणून मुरमाचा उतार रचला व थराथरात सोसायटीच्या खताच्या रिकाम्या गोण्या अंथरल्या. अर्जदाराने विचारले, "काय बे, मातीला गोधडी घालतो का?" तो म्हणाला, "व्हय दादा, लई उघडी पडलीय."

३) भूकंपात भिंत पोट काढून फुगली व आडवी झाली. मुंजाजीचा उतार वीतभर बसला, जरा पुढे सरकला नि राहिला. आपण म्हणालात, गोण्यांनी माती आवळून धरली, उतार धक्क्यासंगे हलला. भिंत ताठ, त्यात मागे ओली माती कोंडलेली. मग मुंजाजीच्या पाठीवर थाप मारून फोटो काढलात. भिंतीचाही काढलात, परंतु हसत.

४) वस्तुस्थिती अशी की भूकंप दक्षिणेकडून आला. तिकडून आधी अर्जदाराची भिंत लागते. तिच्याशी झुंजून तो दमला. मुंजाजीकडे पोचेस्तोवर त्याच्यात राम उरला नव्हता.

५) तेव्हापासून अर्जदाराची पत्नी चतुराबाई मुंजाजीस दुधाचा चहा देते, अर्जदारास कोरा. वर म्हणते, "अवो, भिंत तुमच्यावरच गेलती. जरा लवली असती तर काय बिघडलं असतं?"

६) कहर म्हणजे तिच्याच सांगण्यावरून मुंजाजी कालपासून अर्जदाराच्या अंगणाखाली गोण्या अंथरीत आहे. पाणी निघायला नळीसुद्धा ठेवली. हे अर्जदाराच्या अब्रूवर अतिक्रमण होय.

तरी मेहेरबान साहेबांनी सदर कामास तात्काळ स्थगिती द्यावी. मात्र हुकूम काम पुरे झाल्यावरच गावात पोचेल अशी तजवीज व्हावी. कारण धक्के अजून येतात, आणि चतुराबाई त्याच अंगणात निजते.

आपला, अद्याप ताठ,
आश्रुबा राधाकिशन
दि. १९/१०/१९९३

साक्षीदार : चतुराबाई (अंगठा देण्यास नकार)