जिन्याने जाणारा लिफ्टवाला

आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि माझ्या सध्याच्या सर्व दुर्दशेचे जनक साडूभाऊ यांच्या चरणी (त्यातही डाव्या गुडघ्याशी) आदरपूर्वक नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. तिकडे तुम्ही, अक्का आणि गुडघा, तिघांचीही प्रकृती उत्तम असावी. गुडघ्याची चौकशी निव्वळ माणुसकीने करतोय, त्यात दुसरा हेतू नाही, हे आधीच स्पष्ट करतो. डोंगरातून समुद्रापर्यंत पायी जायला आपण दोघं निघालो, शेवटच्या खिंडीच्या पायथ्याशी त्या गुडघ्याने संप पुकारला आणि समुद्रापर्यंतचा उरलेला तुकडा सोडून आपल्याला गाडीने परत यावं लागलं, याचा माझ्या मनात तिळमात्र राग नाही. (गाडीच्या खिडकीतून ती खिंड दिसेनाशी होईपर्यंत तुम्ही मान वळवून बघत होतात आणि मग म्हणालात, ‘मान आखडली.’ मी ऐकून घेतलं. माझीही आखडली होती.)

पत्रास कारण की, तो उरलेला तुकडा आता उरलेलाच राहणार. मी हिला तसा शब्द दिलाय. विषय बंद. कसा बंद झाला एवढं सांगतो आणि थांबतो, म्हणजे तुम्हीही तिकडे नकाशा उघडून बसणार नाही.

घरी आलो तेव्हा वाटलं होतं, दाढी केली, नखं कापली की संपलं. पण साडूभाऊ, माणूस गाडीने परत येतो, पाय आपले मागून सावकाश येत राहतात. पहिल्या आठवड्यात रस्त्यात दिसेल त्याला हात जोडत सुटलो. तिकडे वाटेवर समोरून माणूस आला की आपण थांबून विचारपूस करायचो, पुढे पाणी आहे का विचारायचो, ती सवय. इथे बाजाराच्या रस्त्यावर शे-दोनशे माणसांची विचारपूस करून न्हाव्याकडे पोचलो, तर तो वस्तरा पुसत म्हणाला, “साहेब, कुठल्या पक्षाकडून उभे राहताय?” कुणाच्या घरी गेलो की बसायच्या आधी बाटली भरून घेतो. खिडकीत मोजे वाळत घालतो, तेही दर्शनी खिडकीत. चहा पिऊन झाला की माझा तो पत्र्याचा मग विसळून पट्ट्याला अडकवतो. एकदा व्याही आले असताना अडकवला. व्याही भला माणूस, काही बोलला नाही, पण निघताना आमच्या मुलीला बाजूला घेऊन बराच वेळ हळू आवाजात काहीतरी विचारत होता. (‘पूर्वीपासूनच का?’ एवढं मला ऐकू आलं. माझे कान तुम्हाला माहीत आहेत.)

पाठीवरच्या पिशवीवरून तर घरात मूक युद्धच होतं. ही ती माळ्यावर टाकायची, मी ऊन दाखवायच्या निमित्ताने खाली काढायचो, ही परत वर टाकायची. मग एक दिवस पिशवी माळ्यावरही नाही आणि खालीही नाही. विचारलं तर म्हणाली, “गेली असेल भंगारात.” गेली असेल! जशी काय स्वतः उठून गेली. मी वाद घातला नाही. बिचारीचा दिवस मोठा असतो. घरचं आवरून दुपारी शिवणक्लासला जाते, आणि ते पायमशीन भलतंच जड असणार, कारण येते तेव्हा घामाने डबडबलेली असते. मी एकदा म्हटलंही, मशीनला तेल घालून देतो, माझा धंदाच तो. तर म्हणाली, “मशीनला तेल आहे. तुम्ही नका येऊ.”

एकदा हिने मला साबण आणायला पाठवलं. कोपऱ्यावर वळलो तर फुटपाथच्या कडेच्या दगडावर पांढरा पट्टा. तिकडे वाट दाखवायला दगडांवर असेच पट्टे असायचे, तो दिसला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढे दिव्याच्या खांबावर दुसरा, मग भिंतीवर बाण. डोक्याने काही विचार केल्याचं मला आठवत नाही. कापडाची दुकानं गेली, टायरवाले गेले, शाळेची लांबलचक भिंत गेली, मी आपला एका पट्ट्यावरून पुढचा पट्टा हेरत मजेत चाललोय, मनात ना धंदा ना साबण. पट्टे संपले ते गावाबाहेर एका खोल चरापाशी. आत नळ टाकणारे कामगार बसले होते. मला बघताच त्यांनी चहाचे पेले पाठीमागे लपवले आणि मुकादम धावत वर आला. “साहेब, सगळी लाइन पायी तपासत आलेले तुम्ही पहिलेच. आजवरचे सगळे गाडीतून काच खाली करून बघायचे.” आता त्याला काय सांगणार की मी साबणाला निघालोय? मी गंभीरपणे चरात वाकलो, जरा कान दिला आणि म्हटलं, “डावीकडचा जोड गळतोय.” गळत होता. त्यांनी मला चहा पाजला आणि पुढच्या खेपेला आधी कळवून या म्हणाले. घरी आलो तर ही दारात. “साबण?” मी म्हटलं, “जोड गळत होता.” ही गप्प. हिचं गप्प बसणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, अक्काही त्याच घरच्या.

इथवर घरातल्या घरात होतं. पुढचं धंद्यावर आलं.

पुलाजवळची ती उंच इमारत तुम्ही पाहिली आहे. माझी पहिली इमारत. वस्तादांच्या मागे तेलाचा डबा घेऊन मी तिथेच पहिल्यांदा मशीनच्या खोलीत शिरलो, दोराला कान लावून रोग ओळखायला तिथेच शिकलो, आणि आज एवढा कारखाना, एवढी माणसं झाली तरी तिथली लिफ्ट मी दुसऱ्याच्या हाती दिलेली नाही. मी आत शिरतो, दार लावतो, डोळे मिटून एक फेरी मारतो आणि बाहेर येऊन सांगतो काय दुखतंय. पण वाटेवरून आल्यापासून काय झालं, दार बंद झालं की पाय बावरायचे. वर पोचायचं आणि चढायचं मात्र नाही, हे त्यांना पटेना. मग मी हत्यारांची पिशवी पाठीला लावून जिना धरला. काय सांगू साडूभाऊ, सहाव्या मजल्यानंतर जो श्वास लागतो ना, अगदी तिकडचा! कुणाच्या लक्षातही यायचं नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर दार किलकिलं ठेवून बसतात. मला आतून स्पष्ट ऐकू आलं. “अगं, लिफ्टवाला जिन्याने चाललाय.” “इश्श, व्यायाम करत असेल.” “पाठीवर ओझं घेऊन? त्याला माहिती आहे दोराची काय दशा आहे ती. आपण काय मूर्ख आहोत आत बसायला?” झालं. ही बातमी मजल्यागणिक चढत गेली. पाचव्यापर्यंत दोर झिजलेला होता, आठव्यावर तो एका तारेवर लोंबकळत होता, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर तर मी बायकोच्या गळ्याची शपथ घेऊन लिफ्टमध्ये पाय ठेवणं सोडलंय, हे माझ्या तोंडूनच ऐकलेली माणसं राहत होती. अख्खी इमारत जिन्याने ये-जा करायला लागली. वॉचमन मला म्हणाला, “मी रिकामीच फिरवतो साहेब, नाहीतर रुसेल ती.”

त्याच दिवसांतली गोष्ट. दुपारी वर मशीनच्या खोलीत ग्रीस भरत होतो, खालून जिन्यावर पावलं ऐकू आली. मी आमच्या मेकॅनिकला म्हटलं, ऐक आणि शिक. बूट एक माप मोठे, पाय आत हलतोय. पाठीवर ओझं, नीट बांधलेलं नाही, उजवीकडे कललंय. प्रत्येक वळणावर दम खातोय, पण मध्ये बसत नाही, म्हणजे हट्टी आहे. कुरिअरवाला, मागून घेतलेले बूट, पोटाचा जुना त्रास. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, तुमचे कान म्हणजे कान!” पावलं नवव्यापर्यंत आली, थबकली आणि उलटी फिरली. पत्ता चुकला असणार.

मग इमारतीच्या सेक्रेटरीबाईंचं बोलावणं आलं. (पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या, अजूनही माणसाकडे जबड्यापासून बघायला सुरुवात करतात.) लिफ्टचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं का, यावर सभा. माझी पहिली इमारत हातची जाते की काय, या विचाराने मला जेवण गेलं नाही, म्हणून हीसुद्धा सोबत आली. वॉचमनने मला सोडून हिला सलाम ठोकला, मी म्हटलं चला, निदान घराण्याला तरी मान आहे. खाली सगळी इमारत जमलेली. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “वाद नको. आमच्यासमोर आत बसा, वर जा, खाली या.” एवढंच ना? मी ऐटीत आत शिरलो, दार लावलं. दोर गुळगुळीत, मोटर गातेय, ब्रेक लोण्यासारखा. वर पोचलो, दार उघडलं, समोर गच्चीचं दार सताड उघडं, पलीकडे आभाळ आणि पार लांब डोंगरांची एक फिकट निळी रेघ. मी गच्चीत गेलो. जरा उभा राहिलो. मग मन कसं भरून आलं, आणि त्या भरल्या मनाने, शीळ घालत, जिन्याने उतरायला लागलो.

इकडे खाली वॉचमनने, साहेबांना उशीर का म्हणून, बटण दाबून लिफ्ट खाली आणली. दार उघडलं. आत कुणी नाही. पेन्शनरांच्या बायकोने जी किंकाळी फोडली, ती मला चौथ्या मजल्यावर ऐकू आली. मी धावत खाली, गर्दीच्या मागून, “काय झालं? कोण पडलं?” आणि सगळ्या माना एकदम लिफ्टकडून जिन्याकडे वळल्या. साडूभाऊ, आजवर मोठमोठ्या माणसांपुढे उभा राहिलो, पण तोंड कुठे लपवावं हे त्या दिवशी कळलं नाही.

तेव्हा ही पुढे झाली. अख्ख्या इमारतीसमोर, शांतपणे म्हणाली, “लिफ्टमध्ये काही खोट नाही. हे लिफ्टला घाबरतही नाहीत. हे अजून घरी आलेलेच नाहीत, एवढंच.” कुणी हसलं नाही. पेन्शनरसुद्धा नाही. सेक्रेटरीबाईंनी माझ्या जबड्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि निकाल दिला: महिनाभर यांनी लिफ्टने ये-जा करून दाखवावी, मग कामाच्या करारावर सही. (वर म्हणाल्या, लोकांना आता जिना आवडायला लागलाय, लिफ्ट रिकामीच फिरतेय, तेव्हा दर कमी करा. माणूस पाण्यात बुडत असताना त्याची पँट इस्त्रीला मागावी, तसं.)

घरी येताना हिच्या तोंडाकडे बघवेना. मी डोंगरात होतो तेव्हा हिने घर, मुलगी, व्याही, माझा कारखाना सगळं एकटीने सांभाळलं, आणि परत आलेला माणूस असा. रस्त्यातच थांबून म्हटलं, तो उरलेला तुकडा विसरलो. तुला सोडून आता कुठे जाणार नाही. ही म्हणाली, “बरं.” बस्स, एवढंच.

तेव्हापासून लिफ्टने जातो. दार लावतो, डोळे मिटतो. लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत वारा खालून वर चढतो, आणि दहाव्या-अकराव्याच्या मध्ये, एवढंसंच, त्याचा आवाज अगदी खिंडीखालच्या वाऱ्यासारखा येतो. ते दुरुस्त करता येईल. मी केलेलं नाही.

अक्कांना नमस्कार. लोभ आहेच, तो लिहून वाढवत नाही.

आपला,
घरी पोचलेला साडू

ता. क. : सहज विचारतो, गुडघा जिना चढतो का? उतरताना दुखतो की चढताना? उतरताना दुखत असेल तर काळजीचं कारण नाही, खिंडीनंतर फार उतार नाही.

ता. क. दुसरा : पायथ्याच्या मुक्कामाच्या घरी आपल्या दोन काठ्या राहिल्यात. त्या बाईंचा निरोप आलाय की जपून ठेवल्यात. परक्याच्या घरी वस्तू टाकून देणं आपल्यासारख्यांना शोभत नाही. कुणीतरी जाऊन आणायला हव्यात. गेलंच कुणी, तर समुद्र तिथून काही लांब नाही.

ता. क. तिसरा : अक्कांकडून हिला एक फोन करवा. डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय आणि एकट्याला सोडवत नाही, एवढंच म्हणायचं. शब्द मी मोडत नाही, पण आजारी माणसाची सोबत ही वेगळी गोष्ट. फोन दुपारी नको, तेव्हा ही क्लासला असते. पत्र वाचून फाडून टाका. मीच टपालात टाकणार होतो, पण डिंक संपलाय आणि ही म्हणतेय, जाता जाता चिकटवून टाकते.

*

भाऊजी, नमस्कार. चिकटवायच्या आधी वाचलं.

पोटाचा जुना त्रास असलेला कुरिअरवाला म्हणजे मी. लग्न झाल्यापासून ऐकतेय, हजार माणसांत तुझं पाऊल ओळखीन म्हणून. बूट यांचेच जुने, आत दोन-दोन मोजे. पिशवी भंगारात नाही, जुनी मासिकं भरून पाठीवर असते. गावात एवढा उंच जिना दुसरीकडे नाही, म्हणून तिथे जाते. वॉचमनला गप्प राहायला सांगितलंय. त्या दिवशी हे वर आहेत, हे यांची बडबड ऐकून कळलं, म्हणून नवव्यावरून मागे फिरले. शिवणक्लास तुम्ही दोघं डोंगरात होतात तेव्हाच बंद पडला. यांनी एकदाही विचारलं नाही, काय शिवलंस.

अक्का रोज संध्याकाळी बँकेत जाते असं तुम्हाला वाटतं. संध्याकाळी बँक उघडी असते का हो? ती तुमच्या घरामागची टेकडी चढते. आम्ही दोघींनी सगळं ठरवलंय. तुला सोडून जाणार नाही म्हणाले, त्यावर मी ‘बरं’ म्हटलं ते चौघांचं होतं.

यांना इतक्यात कळू देऊ नका, सेक्रेटरीबाईंची सही होऊ दे. तोवर जाऊ देत लिफ्टने. मात्र एक गोष्ट यांनी बरोबर ऐकली, पिशवी उजवीकडे कलते. यांना विचारता येत नाही. कशी भरायची आणि पट्टे कसे आवळायचे, तेवढं अक्काकरवी कळवा.