ओडियमचं जिवंत उदाहरण

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच). तुझी लेक आणि नवी नात तिकडे मजेत असतील. भाऊजींची तब्येत उत्तम आहे. त्यांचा आवाज तळमजल्यावरून सहाव्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतो.

त्यांनी तुला फोनवर काहीबाही सांगितलंच असेल, म्हणून खरी हकिगत कळवतो. आमच्या शब्दकोशात ‘ओडियम’ हा इंग्रजी शब्द माझ्या वाट्याला आला. अर्थ सोपा आहे: एखाद्याविषयी लोकांच्या मनात असलेला द्वेष. अट एकच, द्वेष करणारे पुष्कळ हवेत. एका शेजाऱ्याशी वाकडं आलं तर ते नुसतं भांडण. अख्खी इमारत दातओठ खाऊ लागली की ओडियम. संपादकबाईंना उदाहरण जिवंत हवं असतं. मी लिहिलं, ‘लिफ्टला कुलूप घालून सेक्रेटरींनी साऱ्या इमारतीचा ओडियम ओढवून घेतला.’ यात भाऊजींचं नाव कुठे आहे? जगात सेक्रेटरी काय थोडे आहेत?

पण छपाईपूर्वी तपासायची पानं घेऊन आलेल्या कुरियरवाल्याने सहा मजले चढायला नकार दिला (लिफ्टला कुलूप!) आणि पाकीट तुमच्याकडे ठेवलं. भाऊजींना दुसऱ्याचं पाकीट फोडायची सवय आहे, हे तुला मी काय सांगू. त्यांचं म्हणणं, चिडलेला मी एकटाच. “सारी इमारत कुठून आणलीस?” असं त्यांनी जिन्यात, चारचौघांत विचारलं.

ताई, हे माझ्या कामावर बोट ठेवणं झालं. मी रविवारी भर दुपारी वही घेऊन निघालो आणि वीस घरांच्या घंटा वाजवल्या. सेक्रेटरींचा द्वेष करता का, कधीपासून, साधारण किती, एवढंच विचारलं. दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठलं, त्याला माझा इलाज नव्हता. डॉक्टरीणबाई रात्रपाळी करून झोपल्या होत्या, तेही दारावर लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळी सभा भरली, ती माझ्यावरच. तक्रार पोचल्यामुळे संपादकबाईही म्हणतात, येत्या सोमवारपर्यंत वाक्य बदला, नाहीतर कोशाचं काम सोडा. सोडेन. वाक्य बदलणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. – वाक्य बदललं. धाकामुळे नव्हे, पुरावा भक्कम मिळाला म्हणून. ‘भर दुपारी घंटा वाजवून कोशकाराने जवळजवळ साऱ्या इमारतीचा ओडियम ओढवून घेतला.’ माझ्याविरुद्धच्या अर्जावर वीसच्या वीस घरांनी सह्या केल्या. भाऊजींनी केली नाही. मेहुणा आहे माझा, म्हणाले. म्हणून ‘जवळजवळ’ घालावं लागलं.

आणखी एक – लिफ्टची किल्ली आता घरोघरी दिली आहे, फक्त मी माफी मागेपर्यंत मला नाही. मी मागणार नाही. माझ्या वतीने तू मागून टाक, पण मी सांगितलं असं सांगू नकोस.

शेवटचं – त्या रविवारपासून मला जिना उतरवत नाही म्हणून भाऊजी भाजी घेऊन सहा मजले चढून आले होते, स्वतःची किल्ली न वापरता, जिना चढता येतो हे मला दाखवायला. पत्र पेटीत तेच टाकणार आहेत. भाऊजी, इथवर वाचलंतच आहे तर किल्ली दाराच्या फटीतून सरकवा, आणि पाकीट पुन्हा नीट चिकटवा.